रायमुनिया काढायचा पैसा आणि जागा राखायचा पैसा

गोंदिया जिल्ह्यातल्या एका तरुणाने विचारले आहे : "आमच्या ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्काचे जंगल आहे. त्यातला मोठा भाग रायमुनियाने, म्हणजे घाणेरीच्या झुडपांनी, भरलेला आहे. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, पैसे मिळाले. १५ हेक्टर साफ केले, फलकही लागला. आज तिथे पुन्हा माणसाच्या उंचीची झुडपे आहेत. परत पैसे मागायची लाज वाटते. निधी कुठून मिळेल आणि प्रस्ताव कसा लिहावा?"

लाज वाटून घेऊ नका. तुमच्या गावाने काम वाईट केले म्हणून ती झुडपे परत आलेली नाहीत. कामासाठी आलेला पैसा एका वर्षाचा होता आणि हे झुडूप एका वर्षाचे नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून मांडतो. पैसे कुठून मिळतील यापेक्षा दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षाचे पैसे कुठून मिळतील, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या वर्षाचा पैसा थोडी धावपळ केली की मिळतो. साफ झालेली जागा डोळ्यांना दिसते, आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी लावता येते. पुढच्या वर्षी वीतभर रोपटी उपटणाऱ्या बायांचे छायाचित्र कोणाच्या अहवालात शोभत नाही. पण जंगल राहणार की जाणार, हे त्या बायांच्या कामावरच ठरते.

मी विदर्भातल्या ग्रामसभांबरोबर बरीच वर्षे हे काम करतो आहे. सुरुवातीच्या काळात आम्हीही एका हंगामात ४० हेक्टर साफ केले होते. देणगीदाराने पहिला हप्ता दिला, दुसऱ्याची तोंडी हमी दिली, आणि पुढच्या वर्षी त्यांचा प्राधान्यक्रम बदलला. दोन पावसाळ्यांनंतर तिथे रायमुनिया आधीपेक्षा दाट झाली आणि मोकळ्या झालेल्या मातीत रानतुळस आणि तरोटाही माजला. गावातल्या एका आजोबांनी मला विचारले, "साहेब, न काढता ठेवली असती तर निदान वाट तरी माहीत होती ना?" ते वाक्य मी विसरलो नाही. खाली जे सांगतो आहे, ते बरेचसे त्या ४० हेक्टरांनी शिकवलेले आहे.

आधी झाडाबद्दल, कारण अंदाजपत्रक झाडाच्या स्वभावावरून बनते. आपण जिला रायमुनिया म्हणतो तीच पुण्याकडची घाणेरी आणि कोकणातली टणटणी. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेचे झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात ती पसरली आहे. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला कोणतीही एक योजना किंवा एक कंपनी पुरणार नाही, आणि तुमच्या गावाने सगळे जंगल एकदम साफ करायचे ओझे डोक्यावर घेऊ नये, एवढेच त्यातून घ्यायचे.

ती परत येते ती दोन वाटांनी. कोयत्याने वरून तोडली की बुंध्यातून आठ-दहा फुटवे येतात. आणि तिची काळी फळे बुलबुल, साळुंक्या खातात, झाडावर बसून बी टाकतात. हे बी मातीत काही वर्षे जिवंत राहते. पहिली वाट बंद करता येते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेली पद्धत आता सगळीकडे वापरतात : एकाने काठीने फांद्या उचलून धरायच्या, दुसऱ्याने कुदळीने जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून, मुळे आभाळाकडे करून ठेवायचे. पूर्ण मूळ खणून काढायची गरज नाही. खणले की माती उलटते आणि खाली झोपलेले बी वर येते. या पद्धतीने त्या झुडपाचा फुटवा थांबतो. दुसरी वाट, म्हणजे बियांची, एकदाच काम करून बंद होत नाही. तिथे पुढची तीन-चार वर्षे पावसाळ्यात फिरून रोपटी उपटावी लागतात. पक्षी बसतात त्या मोठ्या झाडांखाली तर विशेष लक्ष द्यावे लागते.

तुमच्या मागच्या कामात काय झाले असेल याचा अंदाज सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये आले. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा होता. जमीन दगडासारखी कडक झालेली, कुदळ शिरत नाही, म्हणून लोकांनी कोयत्याने जमिनीलगत तोडले. हेक्टरांचा आकडा पूर्ण झाला, मस्टर (मजुरांचा हजेरीपट) भरले, उपयोगिता प्रमाणपत्र गेले. जूनमध्ये पाऊस पडला आणि प्रत्येक बुंध्यातून फुटवे आले. हे मी इतक्या गावांत पाहिले आहे की निधीचा महिना हा मला निधीच्या रकमेइतकाच महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे माती ओली असते आणि फळे पिकून पडायची बाकी असतात तो काळ ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर. त्यात धान कापणी येते, म्हणून कामाचे दिवस मोजकेच मिळतात. दिवाळीनंतरही नोव्हेंबरअखेरपर्यंत ओल असेल तर जमते. मार्चनंतर मोहा, मग तेंदू. तेव्हा गावात माणूस मिळत नाही आणि मिळू पण नये. प्रस्तावात हप्त्यांचे महिने लिहा : पहिला हप्ता जुलैअखेर, दुसरा पुढच्या जूनमध्ये. बहुतेक अधिकारी ऐकतात, कारण त्यांना कोणी कारण सांगितलेलेच नसते.

आता खर्चाचा अंदाज. हेक्टरी दर काय लावायचा, हे मला बरेच जण विचारतात आणि मी सांगत नाही. झुडपांची दाटी, उतार, माती आणि गावापासूनचे अंतर यांवर ते इतके अवलंबून आहे की माझा आकडा तुमच्या गावात खोटा ठरेल. त्याऐवजी हे करा. जंगलात मध्यम दाटीची जागा निवडा आणि २० मीटर बाय २० मीटरचा चौकोन आखा. तो ४०० चौरस मीटर होतो, म्हणजे हेक्टरचा पंचविसावा भाग. चार जणांना घेऊन वर सांगितलेल्या पद्धतीने तो साफ करा आणि वेळ लिहून ठेवा. दाट जागेत एक आणि विरळ जागेत एक असे आणखी दोन चौकोन करा. तुमचा दर तुमच्या हाताने निघेल. तांत्रिक मान्यता देणाऱ्या अभियंत्यासमोर आणि कंपनीच्या माणसासमोर या तीन चौकोनांची नोंद ठेवली की वाद जवळजवळ संपतो.

उदाहरण म्हणून समजा, मध्यम दाटीच्या चौकोनाला तीन मनुष्यदिवस लागले. मग हेक्टरी ७५ मनुष्यदिवस. ८ हेक्टरांना ६०० मनुष्यदिवस. सोपा हिशेब म्हणून मजुरी ३०० रुपये धरू. पहिल्या वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. दुसऱ्या वर्षी रोपटी उपटायला त्याच्या निम्मे, ३०० मनुष्यदिवस धरा : ९० हजार. तिसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे : ४५ हजार. चौथ्या आणि पाचव्या वर्षी ६०-६० मनुष्यदिवस, दोन्ही मिळून ३६ हजार. पुढच्या चार वर्षांची बेरीज १ लाख ७१ हजार येते. म्हणजे राखणीचा खर्च काढणीच्या खर्चाला जवळजवळ टेकतो. प्रत्यक्षात हे प्रमाण कमी-जास्त होईल. पण पहिल्या वर्षाचाच खर्च दाखवणारा प्रस्ताव म्हणजे अर्ध्या कामाचा प्रस्ताव, एवढे या हिशेबावरून कळते. यात गवताचे बी, ते गोळा करण्याची मजुरी, जाळरेषा (आग अडवायच्या मोकळ्या पट्ट्या) आणि गुराख्याशी ठरलेली व्यवस्था धरलेली नाही. तीही धरा.

इथे माझा सगळ्यात ठाम सल्ला येतो. किती हेक्टर साफ करायचे हे हातात आलेल्या रकमेवरून ठरवू नका. पाचव्या वर्षी बाहेरचा एकही रुपया आला नाही, तर गाव स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या हातांनी किती जागा राखू शकेल, हे ग्रामसभेत आधी ठरवा. तेवढीच जागा यंदा घ्या. ती ४ हेक्टर निघाली तर ४. कंपनी म्हणेल, आम्हाला ५० हेक्टर दाखवायचे आहे. त्यांना सांगा की १० हेक्टर पाच वर्षे चालवू, त्याच पैशात. जे हे समजून घेतात त्यांच्याबरोबर काम करा. जे घेत नाहीत त्यांचे पैसे मी तरी घेत नाही आता. साफ करून सोडलेली जागा न काढलेल्या जागेपेक्षा वाईट अवस्थेत जाते, हे आजोबांचे म्हणणे बरोबर होते.

मग हा गावाचा स्वतःचा पैसा कुठला? तुमची ग्रामसभा तेंदू स्वतः विकत असेल तर उत्तर तुमच्या घरातच आहे. गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करतात. मजुरी वाटून झाल्यावर ग्रामकोषात जी रक्कम उरते, तिचा ठरावीक वाटा जंगलाच्या राखणीला, असा ठराव एकदा करून ठेवा. रक्कम लहान असली तरी चालते. त्या ठरावाची प्रत प्रस्तावाला जोडली की बाहेरच्या माणसाची नजर बदलते. गाव मागायला आलेले नाही, भागीदारीला आले आहे, हे त्याला दिसते. तेंदू विकत नसाल, तर मोह, चारोळी, गवत यांतून काहीतरी उभे करावे लागेल. सुरुवात शंभर-दोनशे रुपये घरटी वर्गणीनेही होते. मेळघाटच्या पायथ्याशी अमरावती जिल्ह्यात पायविहीर नावाचे गाव आहे. त्याला २०१२ मध्ये उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यांनी रोजगार हमीची कामे आणि संस्थांची मदत एकत्र करून ते जंगल उभे केले आणि तिथली सीताफळे मुंबईपर्यंत विकली. जंगलातून काहीतरी घरी यायला लागले की राखण कोणी सांगावी लागत नाही. म्हणून प्रस्तावात 'रायमुनिया निर्मूलन' हे उद्दिष्ट लिहू नका. तिथे काय हवे आहे ते लिहा : गुरांना चारा देणारे कुरण, मोहाखाली वेचता येईल अशी मोकळी जागा, चारोळीची नवी रोपे. रायमुनिया काढणे ही त्या वाटेवरची पहिली पायरी.

या भाषेचा रोजगार हमीत प्रत्यक्ष उपयोग होतो. दरवर्षी त्याच जागेवर तण काढायचे काम मंजूर करून घेणे अवघड जाते, कारण योजनेला टिकाऊ मालमत्ता हवी असते. कुरण विकास, रोपवन, समतल चर ही कामे टिकाऊ मालमत्तेत बसतात, आणि जागेची साफसफाई हा त्यांचा घटक म्हणून अंदाजपत्रकात येतो. फक्त नाव बदलून भागत नाही. खरोखर कुरण करायचे असेल तरच कुरण लिहा. पुढच्या वर्षी तपासणीला आलेल्या माणसाला गवत दिसले पाहिजे. मारवेल आणि पवन्याचे बी तुमच्याच भागातल्या चांगल्या कुरणातून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडून गोळा करा आणि पहिल्या पावसाला फोका. गवताने जमीन धरली की रायमुनियाच्या रोपट्याला ऊन आणि जागा मिळत नाही. गवत हेच तुमचे सगळ्यात स्वस्त मजूर आहे. रोहयोच्या कामांची यादी आणि नियम बदलत राहतात, म्हणून चालू वर्षाची यादी तालुक्याला जाऊन बघा, आणि काम गावाच्या आराखड्यात वेळेत घाला. ते शेल्फवर, म्हणजे मंजूर कामांच्या यादीत, नसेल तर तहसीलदारही काही करू शकत नाही. मजुरी उशिरा येते हे गृहीत धरून लोकांना आधीच सांगून ठेवा. पहिला पगार थकला की दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन कोणी येत नाही, आणि ते चूक नाही.

कंपन्यांच्या निधीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिथे तुम्ही पोळला आहात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कामांची यादी अनुसूची ७ मध्ये आहे आणि तिच्यात पर्यावरणाचा समतोल, वनस्पती आणि प्राणी यांचे संरक्षण हे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे तुमचे काम बसते, त्याबद्दल शंका नको. बहुतेक गावांना आणि बऱ्याच कंपनीवाल्यांनाही एक गोष्ट माहीत नसते : २०२१ च्या सुधारित नियमांत 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे. प्रकल्प ज्या आर्थिक वर्षात सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षे तो चालवता येतो, आणि न खर्चलेली रक्कम कंपनीने त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवायची असते. म्हणजे चार पावसाळ्यांचा पैसा एकाच मंजुरीत मिळू शकतो. मार्चअखेरची घाई नियमामुळे नसते, बहुधा काम एका वर्षाचे म्हणून मंजूर केल्यामुळे असते. पहिल्याच बैठकीत विचारा : हा चालू प्रकल्प म्हणून मंजूर कराल का? उत्तर 'नाही' असे आले तर क्षेत्र कमी करा.

दुसरी अडचण खात्याची. कंपनी ज्या संस्थेला पैसे देते तिची सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते. ग्रामसभेकडे ती नसते, म्हणून मधे संस्था येते. इथे गावाचा हात सुटतो. त्यावर उपाय असा : कंपनी, संस्था आणि ग्रामसभा असा तिघांचा करार करा. मजुरी थेट मजुरांच्या खात्यात जाईल, मस्टर दर महिन्याला ग्रामसभेत वाचले जाईल, आणि कामाची जागा व दिवस वनहक्क व्यवस्थापन समिती ठरवेल, ही तीन वाक्ये त्यात असू द्या. चांगली संस्था याला हरकत घेत नाही. संस्थेकडे परदेशी देणगीचा पैसा असेल तर तो ती दुसऱ्या कोणाच्या खात्यात वर्ग करू शकत नाही, २०२० पासून कायद्याने मनाई आहे. तिने स्वतःच खर्च करायला हवा.

कंपनीला मोजायला काहीतरी लागते, नाही तर ते झाडांची संख्या मोजतात. मग रायमुनिया काढलेल्या जागेत ५ हजार खड्डे खणले जातात, माती उलटते, बी वर येते, आणि दोन वर्षांत रोपेही जातात. त्यांना मोजायला दुसरे काहीतरी द्या. ठरावीक दहा ठिकाणी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एक चौरस मीटरची चौकट टाकून त्यात रायमुनियाची रोपटी किती, गवत किती, हे मोजा. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतात आणि तुमच्या भागातल्या गवतांची नावे मुलांना कळतात. आलेले आकडे आलेखावर मांडले की चौथ्या वर्षीच्या पैशाची बाजू तो आलेखच मांडतो.

सरकारी दारांबद्दल थोडक्यात. तुमचे गाव नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये (भोवतालच्या पट्ट्यात) येत असेल तर २०१५ पासूनच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची चौकशी करा; तिथे ग्राम परिस्थितिकीय विकास समिती हवी. जिल्हाधिकाऱ्यांकडे सामूहिक वनहक्काच्या गावांसाठी वेगवेगळ्या विभागांचा निधी एकत्र आणणारी समिती आहे का, हे विचारा. तुमचा व्यवस्थापन आराखडा तिच्यासमोर जाऊ द्या. २०२४ मध्ये सुरू झालेल्या, आदिवासी गावांसाठीच्या धरती आबा अभियानाबद्दल आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. गडचिरोली, मेळघाट किंवा पांढरकवड्याकडचे कोणी हे वाचत असेल तर त्यांना पेसाच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) ५ टक्के अबंध निधीतूनही राखणीचा खर्च काढता येतो. गोंदिया अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून तुमच्यासाठी ते दार नाही. कॅम्पाचा, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या भरपाईचा, पैसा मोठा आहे, पण तो वनविभागाच्या वार्षिक आराखड्यातून जातो. वनपरिक्षेत्र अधिकारी तुमच्या बाजूचा असेल तर शेजारच्या कक्षात त्याने काम काढावे, म्हणजे बियांचा मारा कमी होईल, एवढी अपेक्षा ठेवा. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असेल तर तिचा पैसा नसला तरी नोंदवहीचा उपयोग करा. कोणती झाडे नाहीशी झाली हे त्यात वडीलधाऱ्यांनी सांगितलेले असते आणि प्रस्तावाला तो चांगला पुरावा होतो.

हे सगळे करण्याआधी एक गोष्ट तपासा. साफ करायची जागा तुमच्या हक्काच्या नकाशात नक्की आहे का? सामूहिक वनहक्काच्या जागेत व्यवस्थापनाचा अधिकार वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(झ) आणि कलम ५ नुसार ग्रामसभेचा आहे आणि नियम ४(१)(ई) ची समिती ते काम बघते. त्या जागेबाहेर एक गुंठाही वनविभागाला विचारल्याशिवाय करू नका. हक्काच्या जागेत सुद्धा वनरक्षकाला दिवस आणि कक्ष कळवत जा. दाट रायमुनियात अस्वल आणि रानडुक्कर दुपारचे झोपलेले असते, कधी वाघही. एका टोकाकडून आवाज करत, गटाने, एका बाजूला वाट मोकळी ठेवून काम करायचे. ओढ्याकाठची पट्टी आणि मधे मधे झुडपांचे तुकडे पहिल्या वर्षी ठेवून द्या. प्राण्यांना अचानक उघड्यावर आणू नये.

तुम्ही विचारले नाही, पण पुढे कोणीतरी नक्की सांगेल : काढलेली रायमुनिया विकून खर्च निघेल. अर्धवट खरे आहे. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरातले सोलिगा लोक तिच्या काठ्यांचे फर्निचर बनवतात. निलगिरीतल्या गुडलूर भागात आदिवासी कारागिरांनी रायमुनियाचे खऱ्या आकाराचे हत्ती बनवले आणि ते २०२१ मध्ये लंडनच्या बागांत उभे होते. मुदुमलाईत दुसऱ्या एका आक्रमक झाडाचे लाकूड तमिळनाडूचा सरकारी कागद कारखाना लगद्यासाठी घेतो. ही सगळी उदाहरणे मला आवडतात. पण ती चालतात तिथे मागे एखादी संस्था, बाजार किंवा सरकारी कारखाना वर्षानुवर्षे उभा आहे. आपल्याकडे काड्यांच्या जळाऊ विटा (ब्रिकेट) बनवणारा कारखाना साठ-सत्तर किलोमीटरवर असेल तर वाहतुकीतच पैसा जातो. दुसरी काळजी अशी की रायमुनियाच उत्पन्न द्यायला लागली तर ती संपू नये असे कोणाला तरी वाटू लागते. पहिल्या वर्षीच्या काड्या सरपणाला, कुंपणाला वापरा, उरलेल्याचे खत करा. मिळालेले पैसे वरकड समजा, अंदाजपत्रकात धरू नका.

आणि कार्बन क्रेडिटचा दलाल आला तर कागदावर सही करण्याआधी थांबा. हे करार वीस-तीस वर्षांचे असतात. जंगलावर या काळात काय करता येणार नाही, हे त्यात इंग्रजीत लिहिलेले असते. चांगले करार होऊ शकतात, मी नाकारत नाही. पण मराठीत पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय आणि सगळ्या वाड्यांच्या ग्रामसभेत ठराव झाल्याशिवाय नाही.

मजुरी की श्रमदान, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. कुदळीचे काम मजुरीवरच करा. दिवसभर काट्यात उभे राहणाऱ्याकडून फुकट काम घेणे मला पटत नाही, आणि ते तिसऱ्या दिवशी बंद पडते. रोपटी उपटायचे काम मात्र गवताच्या हक्काला जोडता येते. आमच्या एका गावात साफ केलेल्या कुरणाचे वाडीनुसार भाग केले आहेत. ज्या बचत गटाने जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा फिरून आपला भाग स्वच्छ ठेवला, त्याला दिवाळीनंतर त्या भागातले गवत कापायचा हक्क. दोन वर्षे चराईबंदी पाळायला गुराखी तयार झाले, कारण गवत कापून घरी मिळणार होते. तिथे राखणीचा रोख खर्च आम्ही धरला होता त्यापेक्षा बराच कमी आला. तुमच्याकडे गुरे जास्त असतील आणि चरायला दुसरी जागा नसेल तर हे असेच्या असे जमणार नाही; तेव्हा साफ केलेल्या जागेचा एक तुकडा चराईला मोकळा ठेवावा लागेल.

आता त्या जुन्या १५ हेक्टरांचे. तीच जागा पुन्हा घ्या, नवी नको. सगळी नाही, त्यातली गावाला सगळ्यात जवळची आणि मोहाची झाडे जास्त असलेली ४ किंवा ५ हेक्टर. ज्या कंपनीने आधी पैसे दिले तिलाच आधी भेटा, आणि काय चुकले ते सरळ सांगा : काम कोरड्या जमिनीत झाले, मूळ तोडले गेले नाही, पुढच्या वर्षांचा खर्च धरलेला नव्हता. त्यांच्या फलकामागे आज काय उभे आहे ते त्यांना स्वतः येऊन बघू द्या. मी हे दोनदा केले आहे. एका ठिकाणी पुढे काहीच झाले नाही. दुसऱ्या ठिकाणी त्याच माणसाने तीन वर्षांची मंजुरी आणून दिली.

ऑगस्टच्या शेवटी ते तीन चौकोन घाला. प्रत्येकाला किती माणसे आणि किती तास लागले, जमीन कशी होती, मधे मोठी झाडे कोणती होती, हे लिहून पाठवा. आकडे आले की अंदाजपत्रक आपण एकत्र बसून करू.